सेल, कान, तार, ताट, दांडा

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आधी खोली दाखवलीच नाही. अंगणाच्या कडेला फणसाखाली उभं केलं आणि विचारलं, "सिस्टर, केसाला पिना कुठल्या लावता?"

नोकरीच्या गावी खोली शोधत फिरणाऱ्या बाईला लोक काय काय विचारतात. लग्न झालंय का, मटण-मासळी चालते का, पाहुणे किती येतात. पिनांचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हटलं, "साध्याच की. काळ्या. लोखंडाच्या असतील."

"असतील न्हवं, असत्यातच," ते म्हणाले. "राहा की. दोन खिडक्या हायत, न्हाणी मागं हाय. खरं अंगणात पिन पाडायची न्हाई. पडली तर सांगायचं. रागवणार न्हाई मी."

'खरं' म्हणजे आमच्याकडं 'पण'. मी खानापूरकडची, त्यामुळं शब्द सगळे कळले, अट कळली नाही. पण दुसरा इलाज नव्हता. कुंभारवाड्यापासून आत, एक ओढा ओलांडून ती वाडी होती. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात माझी बदली झाली होती. वाडी म्हणजे डोंगराच्या उतारावर लांब लांब सांडलेली घरं. भाड्यानं देण्याजोगी खोली या एकाच घरात होती. मी मान हलवली.

अटीचा उलगडा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. 'टुंऽय' अशा आवाजानं जाग आली. थोडं थांबून पुन्हा 'टुंऽय'. खिडकीतून बघते तर घरमालक अंगणात, कानटोपी घालून, एक लांब दांडा हातात धरून चाललेत. दांड्याच्या खालच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी काळी तबकडी. ती जमिनीपासून दोन बोटं वर ठेवून, अंगण सारवल्यासारखी ते हळूहळू इकडून तिकडं फिरवत होते. अंगणात बांबूच्या सहा खुंट्या होत्या. पाच खुंट्यांपाशी मशीन ओरडलं. सहावीपाशी ओरडलं नाही. तिथं ते सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले आणि समाधानानं मान डोलावून आत गेले.

पुढं ओळख वाढल्यावर मी विचारलं, "मामा, त्या खुंट्यांखाली काय आहे?"

"रुपाया, पितळंची कडी, तांब्याची तार, खिळा, आणि डब्याचं झाकण. मीच पुरल्यात."

"आणि सहावीखाली?"

"कायबी न्हाई. तिथं त्यानं गप ऱ्हायला पायजे. ओरडणारं मशीन कुठंबी मिळतंय सिस्टर. कायबी नसताना गप बसणारं मिळत न्हाई."

अंगणात माझी पिन पडली की त्यांचा हा सकाळचा हिशोब चुके. पहिल्या महिन्यात माझ्या खिडकीच्या चौकटीवर सात पिना ओळीनं मांडलेल्या सापडल्या. आठवी पडायच्या आत मी तालुक्याच्या गावाहून, जोयड्याहून, प्लास्टिकचे चाप आणले.

त्यांना सगळी वाडी 'वॉलमनमामा' म्हणायची. पंचवीस-तीस वर्षं ते बेळगावच्या बाजूच्या एका मोठ्या गावात पाणीपुरवठ्याला वॉलमन होते. कुठल्या गल्लीला पाणी सोडायचं, कुठली लाइन बंद करायची, हे काम. आता रस्त्यावर दर दोन-चार वर्षांनी डांबर पडतं आणि व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं खाली गाडली जातात. ती शोधायला तिथं एक मेटल डिटेक्टर आणलेला होता, तो मामांच्या ताब्यात असे. ते निवृत्त झाले त्याच सुमाराला नवं मशीन आलं, जुनं भंगाराच्या लिलावात निघालं. लोक निवृत्तीला शाल-नारळ घेऊन घरी येतात, मामा मशीन घेऊन आले. ते गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. मीही बदलून माझ्या तालुक्यात आलेय. पण अजून कुणी एखादी वस्तू नीट घडी घालून ठेवताना दिसलं की मला तेच आठवतात.

कारण मशीन वापरण्यापेक्षा ते सोडवण्यात आणि ठेवण्यात त्यांचा जीव जास्त होता. काम संपलं की ओसरीवर घोंगडं अंथरायचं आणि सुरू. "सेल, कान, तार, ताट, दांडा," असं ते पाच बोटांवर मोजत म्हणायचे. आधी सेल काढायचे. मग हेडफोन, म्हणजे 'कान'. मग दांड्याला गुंडाळलेली तार वरच्या टोकाच्या आवाजाच्या पेटीपासून सोडवून, वेटोळं घालून ठेवायची; ओढायची नाही, पीळ द्यायचा नाही. मग खालची तबकडी, म्हणजे 'ताट'. तिची माती ओल्या फडक्यानं पुसायची, लगेच कोरड्या फडक्यानं टिपायची. शेवटी दांड्याचे तीन तुकडे, ते आतूनही पुसायचे. ताट ज्या बोल्टनं दांड्याला बसतं तो बोल्ट प्लास्टिकचा होता, आणि तो सुटला की मामा थेट तोंडात, दातांत धरायचे. "हा हरवला तर लोखंडाचा घालता येत न्हाई," त्यांनी मला तोंड मिटूनच समजावलं. "मग मशीन सोताच्याच बोल्टाला बघून ओरडतंय."

प्रत्येक भागाला मामींनी शिवलेली वेगळी पिशवी होती. मामी म्हणायच्या, "माझी मऊ मऊ लुगडी सगळी त्या मशीनला. लगीन करून मला हितं आणलं, तवा एवढं जपून न्हवतं आणलं."

जोयड्याचा पाऊस सुरू झाला की चामड्याच्या चपलेवर चार दिवसांत हिरवं मखमल चढतं. तेव्हा मामांची खरी धावपळ. माझ्या गोळ्यांच्या डब्यांतून ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या लहान पुड्या निघतात, त्या मी फेकत असे. मामांनी एकदा ते पाहिलं आणि सोनं उकिरड्यावर टाकल्यासारखे कळवळले. मग मी त्या साठवून त्यांना देऊ लागले. ते त्या पुड्या मंद तव्यावर सुकवायचे आणि मशीनच्या पेटीत ठेवायचे. दर आठवड्याला जुन्या काढून पुन्हा तव्यावर. मामी भाकरीसाठी तवा मागत चुलीपाशी ताटकळत उभ्या.

एवढं कशासाठी, याचं मला फार कुतूहल होतं. ते एका पावसात, तव्यापाशी बसल्या बसल्या कळलं.

"दिवाळीची सुट्टी हुती," मामा पुड्या परतत म्हणाले. "मी मशीनमधी सेल तसंच ठेवून घरला आलो. चार दिसांनी परत गेलो, तर त्याच दुपारी मोठी लाइन फुटली. झाकण डांबराखाली. मशीन चालू करायला गेलो तर सेल पाझरलेले, मशीन मुकं. मला मेल्याला जागा काय आठवंना. तीन तास पाणी व्हाईलं. एका म्हातारीची मातीची भिंत बसली."

"म्हातारी?"

"तिला कायबी झालं न्हाई. बाहीर दगडावर बसली हुती. मला म्हणते, तू तरी काय करणार बाबा, मशीन बिघडल्यावर." त्यांनी तवा उतरवला. "मशीन बिघडलं न्हवतं, सिस्टर. मी बिघडवलं हुतं."

त्यानंतर 'मशीन बिघडलं' हे शब्द आपल्यावर पुन्हा येऊ द्यायचे नाहीत, एवढ्यासाठी हा माणूस जगत होता असं म्हटलं तरी चालेल.

लोक लांबून लांबून यायचे. लावणीत चिखलात गेलेली नथ, शेणखड्ड्यात पडलेलं मंगळसूत्र, गवतात हरवलेली ट्रॅक्टरची चावी. मामा जायचे, शोधायचे, काठीनं जमिनीवर गोल काढायचे आणि म्हणायचे, "हितं. एक वीत." खणायचं ज्याचं त्यानं. सापडलेल्या वस्तूला ते हात लावत नसत, बघायलाही थांबत नसत. पैसे घेत नसत. "सेल आणा," म्हणायचे. त्यामुळं घरात पेन्सिल सेलची अशी रास असे की आमच्या वाडीत कुणाच्या घड्याळाचा काटा कधी थांबला नाही.

एकदा कुळगीकडून वनखात्याचे दोन वॉचर त्यांना घेऊन गेले. शिकाऱ्यांनी जनावरांच्या वाटेवर लावलेले तारेचे फासे पाचोळ्याखाली दिसत नाहीत, ते शोधायला. चार दिवसांनी मामा परतले आणि नेहमीपेक्षा दुप्पट वेळ मशीन पुसत बसले. "बरेच सापडले?" मी विचारलं. "सापडले," एवढंच म्हणाले. त्या रात्री जेवले नाहीत, असं मामींनी मला सांगितलं.

आणि एकदा जीपमधून चौघे आले होते. जंगलात एका जुन्या वीरगळाखाली धन आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मामा म्हणाले, "मशीन सुटं हाय. जोडतो, बसा." घोंगडं अंथरलं. एकेक पिशवी उघडली. दांड्याचा पहिला तुकडा पुसायला त्यांनी पाऊण तास घेतला. दुसऱ्याला तेवढाच. ताटापर्यंत येईतो जेवणवेळ टळली होती. चौघांतला एकजण वैतागून म्हणाला, "अहो मामा, संध्याकाळ होईल असं." मामा म्हणाले, "व्हईल की. मग सुटं करायला घ्यावं लागंल." ते निघून गेले. मामींनी आतल्या आत हसून हसून पदर तोंडात कोंबला होता.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

वाडीच्या वरच्या अंगाला महादेव नावाचा शेतकरी होता. कष्टाळू, ताठ, एकदा बोललेला शब्द मागं न घेणारा. त्याची बायको लक्ष्मीअक्का, आणि एकुलती मुलगी सुनंदा. सुनंदा धारवाडला शिवणकाम शिकायला गेली आणि तिथंच एका दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. महादेवनं सांगून टाकलं, या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. कुणी घेतलंही नाही. मला मात्र ती अधूनमधून फोन करायची. दिवस राहिले होते, सहावा संपून सातवा लागला होता. गोळ्या कुठल्या, सोनोग्राफी कधी, असलं विचारायची. ते मी माझ्यापाशीच ठेवलं होतं.

त्या वर्षी सुगी आटोपल्यावर नात्यातलं एक लग्न निघालं. महादेव बायकोला म्हणाला, आईची बोरमाळ घाल. तेव्हा लक्ष्मीअक्का म्हणाली, माळ हरवली. कापणीच्या पहिल्या दिवशी पिकाची पूजा करताना घातली होती, शेतातच तुटून पडली असणार.

महादेव मामांकडं आला. मामा निघाले.

ते शेत मामांनी सुतळी बांधून पट्ट्या पट्ट्यांत वाटून घेतलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी उपकेंद्र बंद करून मीही बघायला गेले. धसकटांतून ताट फिरवता येईना, म्हणून मामा वाकून, जवळजवळ गुडघ्यांवर चालले होते. मशीन ओरडलं की महादेव खुरप्यानं खणायचा. विळ्याचं मोडकं टोक निघालं. बैलाचा नाल निघाला. कुलपाचा तुकडा निघाला. महादेव बघायचा आणि बांधावर भिरकावायचा. मग एक चांदीचा वाळा निघाला, लहान बाळाच्या पायातला, मातीनं काळा झालेला. महादेवनं तो अंगठ्यानं पुसला. आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी रविवार. अर्धी वाडी बांधावर जमली होती. दुपारपर्यंत शेवटची पट्टी झाली. माळ नव्हती. मामांनी कान उतरवून गळ्यात अडकवले आणि लक्ष्मीअक्काला म्हणाले, "अक्का, त्या दिशी पूजा कुठं केली हुती?"

तिनं खालच्या कोपऱ्याकडं हात केला. तिथं पुन्हा फिरवलं. नाही.

"मग भारा कुठं उचलला?"

"हितंच कुठंतरी. न्हाईतर तिकडं, जांभळीखाली."

तिथंही फिरवलं. नाही.

महादेव खुरपं टाकून उभा राहिला. "मशीन काय म्हणतंय मामा? माळ शेतात न्हाई म्हणतंय न्हवं?"

मामा दांड्यावरची माती पुसू लागले.

"शेतात न्हाई, तर कुणीतरी उचलली. त्या दिशी कापायला आम्ही तिघंच. मी, ही, आणि रुक्मी."

रुक्मी म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची बायको. बांधावरच बसली होती. ती ताडकन उठली. "भावोजी, काय बोलायलाईसा? माझ्या लेकरांची आण घेते!"

"आण हितं नको. उळवीला चल, देवासमोर घे. न्हाईतर जोयड्याला पोलिसात जातो."

रुक्मी रडायला लागली. तिचा नवरा पुढं सरकला. दोघं भाऊ समोरासमोर उभे. लक्ष्मीअक्का मात्र जागची न हलता मामांच्या तोंडाकडं बघत होती.

तेवढ्यात मामा म्हणाले, "महादेवा, मशीन बिघडलंय."

सगळे वळले.

"ताट खराब झालंय. दोन दिस मला शंका हुती, मी बोललो न्हाई. लोखंडाला ओरडतंय, सोन्याला ओरडत न्हाई. माळ हितं असंल, नसंलबी. ह्या मशीनवर जाऊन कुणाला कायबी बोलू नको."

कुणीतरी फिसकन हसलं. "एवढं लुगड्यात गुंडाळून ठेवत हुते, तरी बिघडलं व्हय?" दुसरा म्हणाला, "दोन दिस फुकट घालवलं की वं मामा." मामांनी मान खाली घातली आणि सुतळी गोळा करायला लागले. महादेव धुसफुसत म्हणाला, "दुरुस्त करून आणा. तवर नांगर घालत न्हाई मी."

मला मात्र पटेना. त्याच दिवशी सकाळी मी खिडकीतून पाच वेळा 'टुंऽय' ऐकलं होतं. आणि तिथं नसेल ते नाही म्हणताना, त्या मशीननं चूक केलेली मी कधी पाहिली नव्हती.

घरी आल्यावर मामींनी तोंड सोडलं, "सकाळी तर चांगलं बोंबलत हुतं! आता काय धाड भरली त्याला?" मामा ओसरीवर बसून राहिले. थोड्या वेळानं मला हाक मारली.

"सिस्टर, सुनंदाचा नंबर तुमच्यापाशी असंल न्हवं?"

"मामा, मशीनला काय झालंय?"

"मशीनला काय हुतंय!" ते एकदम चिडून म्हणाले, आणि मग आवाज उतरवला. "ज्याची वस्तू हरवली त्यो ताटाकडं बघतो. पोरं असूदेत, म्हातारी असूदेत, ताट जिकडं जाईल तिकडं डोळं. आज इतकी वर्सं बघतोय मी. अक्का दोन दिस ताटाकडं बघतच न्हवती. माझ्या तोंडाकडं बघत हुती."

मला सगळं एकदम कळलं, आणि आधी कळलं नाही याची लाज वाटली.

टेकडीवर गेलं की रेंज मिळायची. मी तिथून सुनंदाला फोन केला, मामा भेटायला येऊ का विचारतात म्हणून सांगितलं. तिनं बस कितीला पोचते ते विचारलं. मग म्हणाली, "या."

सोमवारी पहाटेच्या बसला आम्ही निघालो. मी रजा टाकली होती. मशीन दुरुस्तीला चाललंय हे लोकांना दिसायला हवं, म्हणून मामांनी ते सगळं बरोबर घेतलं. पण दिखाव्यापुरतंसुद्धा त्यांना ते कसंतरी बांधता येईना. दांड्याचे तुकडे छत्रीच्या पिशवीत, ताट कवदीत, म्हणजे गोधडीत, गुंडाळून, पेटी दुसऱ्या कवदीत, सेल सदऱ्याच्या खिशात, आणि बोल्ट रुमालाच्या गाठीत. बसस्टॉपवर दोघा-तिघांनी थट्टा केली, "मामा, येताना नवंच घेऊन या." मामा 'व्हय व्हय' म्हणाले.

बसमध्ये त्यांनी पेटी खाली ठेवू दिली नाही, "इंजिनची थरथर लागती." मागच्या सीटवर बसायचं नाही, तिथं हादरे. वरच्या कप्प्यात तर नाहीच. ताट त्यांच्या मांडीवर, पेटी माझ्या मांडीवर. कंडक्टरनं कानडीत विचारलं, हे काय बाळ आहे की सामान? मामा कानडीतच म्हणाले, सामान आहे, रडत नाही. वळणा-वळणाला ते दोन्ही हातांनी ताट उचलून धरायचे. दांडेलीला बस बदलली, हळियाळ गेलं, झाडी संपून उघडी काळी शेतं लागली. धारवाड येईपर्यंत ते माझ्याशी दोनच वाक्यं बोलले असतील, आणि दोन्ही पेटीबद्दल.

सुनंदाची एक खोली होती. शिलाई मशीन, त्यावर कापडांचे तुकडे. पोट चांगलं दिसत होतं. तिनं मामांना पाणी दिलं. मामांनी शेतात घडलं ते सगळं सांगितलं, काही घातलं नाही, काही गाळलं नाही. रुक्मीचं नाव आलं तेव्हा सुनंदानं कपाळाला हात लावला. उठली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बोरमाळ काढली.

"दसऱ्याच्या टायमाला आई जोयड्याला आली हुती. स्टँडवर भेटली. मी नको नको म्हणत हुते. आज्जीची हाय, तुझीच हाय म्हणाली." तिनं माळ मामांपुढं धरली. "घेऊन जावा मामा. शेतात टाका आणि शोधून काढा. आई सुटंल."

मी म्हटलं, खरंच, किती सोपं. पण मामांनी हात पुढं केला नाही.

"न्हाई बाय."

"का वं?"

"काल मी मशीनला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं. आता त्याच्याकडनं खोटं बोलून घेणार न्हाई." मग म्हणाले, "मी माळ न्यायला आलोच न्हाई. तुला एक सांगायला आलोय. शेतात विळ्याचं टोक घावलं, नाल घावला, कुलूप घावलं. तुझ्या बानं सगळं बांधावर फेकून दिलं. मग वाळा घावला, पोराच्या पायातला. तुझाच असणार, त्या घरात दुसरं लेकरू न्हवतंच. त्यो त्यानं खिशात टाकला."

सुनंदा त्यांच्याकडं बघत राहिली. "फेकला न्हाई?"

"पुसला, आणि खिशात टाकला. मी हातभर लांब हुतो."

तिनं तोंड फिरवलं. शिलाई मशीनवरचे तुकडे उगाच एकावर एक रचले, पुन्हा पसरले. मग नवऱ्याला फोन लावला.

दुपारच्या बसला तिच्या नवऱ्यानं येऊन आम्हाला बसवून दिलं. मी तिला पुढच्या सीटवर, खिडकीपाशी बसवलं. सातव्या महिन्यात घाटातली बस म्हणजे माझाच जीव थाऱ्यावर नव्हता. मामा मात्र कंडक्टरला दर खड्ड्याला "हळू सांगा वं" म्हणत होते, आणि ते ताटासाठी नव्हतं. ताट तर त्यांनी शेजारी ठेवून दिलं होतं.

वाडीत पोचलो तेव्हा दिवस कलला होता. महादेव शेतातच होता, बांधावरची काटेरी झुडपं तोडत. लक्ष्मीअक्का गवत बांधत होती. बातमी आमच्या आधी पोचली असणार, कारण रुक्मी, तिचा नवरा आणि आणखी चार-पाच माणसं वाटेवर येऊन उभी राहिली होती. सुनंदा बांधावरून चालत गेली. माळ तिच्या गळ्यात होती. लपवली नव्हती, पदराबाहेर काढली होती.

"बा," ती म्हणाली, "माळ माझ्यापाशी हाय. मीच मागून घेतली हुती."

महादेव कोयता धरून तसाच उभा.

"खोटं हाय," लक्ष्मीअक्का म्हणाली. शेतातल्या त्या भांडणानंतर मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तो मोठा होता. "ती मागत न्हवती. मी दिली. माझ्या हातानं गळ्यात घातली, जोयड्याच्या स्टँडवर. रुक्मीला बोलला तवा मी गप बसले, त्यो माझा गुन्हा. काय करायचं ते मला करा."

महादेव मुलीकडं बघत नव्हता. जमिनीकडं बघत होता. सुनंदानं एक हात कमरेवर घेतला, प्रवासानं तिची पाठ भरून आली असणार. मी पुढं होणार एवढ्यात महादेव बोलला, तेही मुलीशी नाही, बायकोशी.

"घोंगडं आण. दोन जिवाची बाई भुईवर बसंल व्हय?"

लक्ष्मीअक्का घोंगडं आणायला धावली. धावता धावताच रडत होती.

पुढचं थोडक्यात सांगते. महादेव त्याच संध्याकाळी रुक्मीच्या दारात जाऊन बसला, ती चहा देईपर्यंत उठला नाही. सुनंदाचं बाळंतपण माहेरीच झालं, माझ्या देखरेखीखाली जोयड्याच्या दवाखान्यात. जावयाशी बोलायला महादेवला आणखी वर्ष लागलं.

पण त्या वेळी, घोंगडं आलं, सुनंदा बसली, आणि महादेव आमच्याकडं वळला. मामांच्या काखेतल्या कवदीकडं त्यानं पाहिलं.

"मामा, झालं दुरुस्त?"

"झालं."

"काल बिघडलं हुतं?"

मामांनी कवदीची गाठ सैल नसतानाही सोडून पुन्हा आवळली. महादेवनं कोयता खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले. मामांनी ते न पाहिल्यासारखं केलं आणि चालायला लागले.

घराच्या वाटेवर आम्ही दोघंच होतो. मला राहवेना. म्हटलं, "मामा, सुनंदा आली नसती तर काय केलं असतं?"

"काय करणार? बिघडलेलंच ऱ्हायलं असतं मशीन."

"किती दिवस?"

"आता एकदा बिघडलंय म्हटल्यावर बाहीर कसं काढणार? मी हाय तवर."

बस किती वाजता सुटते हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मग ओढा आला. ते धोतर वर खोचून पाण्यात उतरले, आणि मी चपला हातात घेऊन त्यांच्या मागं.